जाताना सांगितलेलं बेट

तारीख ९, गुरुवार

धक्क्यावरचा कारकून म्हणाला, "आजी, रोज कुठे शोधलं ते लिहून ठेवत जा, म्हणजे तेच बेट दोनदा व्हायचं नाही." म्हणून लिहिते. शाळा तिसरीपर्यंत झाली, पुढे हातात वल्हं आलं. माझ्या अक्षराला हसायचं असेल त्याने आधी आपलं बघावं.

जावई रविवारी सकाळी शिडाची धाकटी होडी घेऊन एकटाच गेला, तो आलेला नाही. धंद्याने बाइंडर. लोकांच्या फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे घालतो. त्याच्या सात पिढ्यांत कोणी खारं पाणी बघितलं नव्हतं. लग्न झालं आणि तोच आमच्याकडे राहायला आला, आणि आमच्या ह्यांनी त्याला शीड शिकवलं. हे गेले, खूळ मागे राहिलं. दर रविवारी एखादं ओसाड बेट गाठायचं आणि त्याच्या कडेकडेने पायी फिरून यायचं. मासे नाहीत, शिंपल्या नाहीत, सरपण नाही. हात हलवत परत. एकदा विचारलं, "एवढं आहे काय तिकडे?" म्हणाला, "काही नाही, आई." म्हणजे काही नाही ते बघायला हा माणूस चार तास वल्हवत जातो.

आमच्या धक्क्याची एक रीत आहे. एकटा जाणारा कुठल्या बेटावर चाललोय ते किनाऱ्यावरच्या एका माणसाला सांगतो. ऐकणारा ते नाव मोठ्याने परत म्हणतो आणि मगच खुंट्यावरचा दोर सोडतो. रविवारी दोर मी सोडला. टकल्यावर गेला असं मी सांगितलं. टकल्या उत्तरेला, नुसता बोडका खडक. यंत्राच्या बोटी तीन दिवस तिकडे फिरल्या, हाका मारल्या, भोंगे वाजवले. काल संध्याकाळी थांबल्या. बोटवाले माझ्याकडे न बघता म्हणाले, "आजी, आता नाही."

उद्या मी थोरली होडी काढते. दक्षिणेची बेटं बघते.

कारकून म्हणाला, "दक्षिणेची? तुम्हीच तर टकल्या म्हणालात."

"वाऱ्याने ओढलं असेल."

"रविवारी वारा दक्षिणेचाच होता, आजी. ओढेल तर वर ओढेल."

"तू कागद सांभाळ. वारा मी सांभाळते."

तारीख १०, शुक्रवार

थोरली दोन वर्षं किनाऱ्यावर पालथी पडली होती. फटींतून माझी करंगळी जात होती. पहाटेच मिस्त्रीला उठवलं. त्याने काथ्या ठोकला, वर डांबर ओतलं आणि म्हणाला, "मी येतो बरोबर." म्हटलं, तुझ्या वजनाने होडी बुडेल, शोधायला आणखी एक होईल. हसला नाही. हल्ली माझ्या बोलण्याला धक्क्यावर कोणी हसत नाही.

वारा चांगला मिळाला. 'दोन बहिणी' दुपारच्या आत गाठल्या. ही दोन बेटं ओहोटीला जोडली जातात, मधून घोट्याएवढ्या पाण्यातून चालत जाता येतं. दोन्हींना पुरता फेरा घातला. खडकांवर शेवाळ, हात टेकून टेकून चालावं लागतं. एकाहत्तराव्या वर्षी गुडघे काही माझं ऐकत नाहीत. मीही त्यांचं ऐकत नाही. घसा बसेपर्यंत हाका मारल्या. एक क्षण तोंड बंद ठेवलं नाही, सबंध फेरा हाका मारत केला. उत्तर नाही.

एका जागी वाळूत जुनी पावलं सापडली. गेल्या महिन्यातली असतील, कडा ढासळलेल्या. बुटाची डावी टाच झिजलेली. तो डावीकडे कलून चालतो, मी कितीदा बोलले असेन त्यावरून.

घरी आले. लेक दारात बसलेली. माझा चेहरा बघितला आणि उठून आत गेली. पाणी सुद्धा विचारलं नाही.

तारीख ११, शनिवार

लांबोडं बघितलं. नावासारखंच आहे, संपता संपत नाही. पश्चिमेच्या टोकावर पोचले तेव्हा वारा पडला होता. तिथून पुढचं बेट कोनाडा, हाकेच्या अंतरावर, पण खडकांना वळसा घालून जायचं तर शीड भरूनही तासाभराची वाट. मी हाका मारत होते तेव्हा मधेच पलीकडून काहीतरी बारीक आवाज आल्यासारखं वाटलं. पांढरे पक्षी असतात तिकडे, माणसासारखे केकाटतात. मी त्यांच्यावर ओरडले, "गप्प बसा रे, मला हाका मारू द्या." मग ऊन उतरायला लागलं. वल्ही मारत परत यायला वेळ लागतो, म्हणून निघाले.

कोनाड्यावर तो जायचा नाही. आत शिरायला एकच फट, सगळीकडे दात काढलेले खडक. यंत्राची बोट तिथे जातच नाही, बाहेरून आतलं काही दिसत नाही. नवशिका तिथे कशाला जाईल?

तारीख १२, रविवार

आज आठ दिवस झाले. सकाळी समुद्र काळा, वारा वेडावाकडा. कारकुनाने हात जोडले, "आज नको." घरी बसले.

लेकीने त्याच्या पेटीतून तळहाताएवढ्या वह्यांचा गठ्ठा आणून माझ्यापुढे टाकला. स्वतः बांधलेल्या, दोऱ्याची शिवण इतकी बारीक की नख लागत नाही. एका बेटाची एक वही. कुठे होडी लावायची, फेऱ्याला किती वेळ लागतो, गोडं पाणी कुठे साठतं, सावली कुठे. मी बोट ठेवून ठेवून वाचल्या. लांबोड्याच्या वहीत शेवटी लिहिलंय: "इथे कोणी काही बोलत नाही. बरं वाटलं." आता ओसाड बेटावर बोलणार कोण, खडक? एवढा शिकलेला माणूस, लिहून काय ठेवतो तर हे. दोन बहिणींच्या वहीतही तसंच. "दोन तास शांत बसलो. परत जायचं जिवावर आलं." आळशी होताच पहिल्यापासून.

लेक म्हणाली, "टकल्याची वही आहे त्यात."

"असू दे की."

"आई, तो एकदा फिरलेल्या बेटावर परत जात नाही. कधीच गेला नाही. मग टकल्या कसं म्हणाला?"

"आता त्याच्या मनातलं मी काय सांगू?"

"तू परत म्हणालीस ना नाव? त्याने हो म्हटलं ना?"

"म्हणाले की."

ती बघत राहिली. तिच्या बापाची सवय, काही न बोलता बघत राहायचं. मी उठून भांडी घासायला घेतली.

सगळ्या वह्या मोजल्या. आपल्या बाजूच्या बेटांपैकी एकाचीच नाही. कोनाड्याची.

तारीख १३, सोमवार

पाऊस. धक्क्यावर लाल बावटा. जाऊ देत नाहीत. मी होडीत जाऊन बसले तर मिस्त्रीने आणि दोघा बोटवाल्यांनी मला उचलून बाहेर ठेवलं, भाजीच्या टोपलीसारखं. शिव्या दिल्या. त्यांनी ऐकून घेतल्या.

नात सात वर्षांची आहे. तिने विचारलं, "आजी, बाबा कुठल्या बेटावर आहेत?" सगळं जग मला हाच एक प्रश्न विचारतंय.

लिहून टाकते, म्हणजे उरावरचं उतरेल. मला माहीत नाही.

त्या सकाळी मी धक्क्यावर आले ती त्याच्यामागे बोलतच आले. त्याने माझ्या दुधाच्या पातेल्यात खळ शिजवली होती. पुठ्ठे चिकटवायची खळ, दुधाच्या पातेल्यात! तळाला चिकटून दगड झालेली. मी म्हणत होते, जावईबापू, सासऱ्याची होडी, सासऱ्याचं छप्पर, आता सासूचं पातेलंही तुमचंच का? चार घरचे ऐकत होते, मला आणखी चेव आला. तो होडीत उभा राहून काहीतरी म्हणाला. मी थांबले नाही. तो पुन्हा म्हणाला. मी म्हटलं, "जा, जा," आणि दोर सोडून दिला. बाहेर पडेपर्यंत तो मागे वळून बघत होता. मला वाटलं, बोलणी खाऊन तोंड पडलंय.

रात्र झाली तरी आला नाही, तेव्हा कारकुनाने विचारलं, "कुठलं बेट?" सगळे गोळा झालेले. ऐकलंच नाही असं म्हणायला माझी जीभ उचलली नाही. चाळीस वर्षं दोर सोडलेत मी, ह्यांचे, दिरांचे, अर्ध्या गावाचे. एकाचंही नाव चुकलं नाही. तोंडात पहिलं आलं ते म्हटलं, टकल्या. वाटलं, सकाळपर्यंत येईलच आपला आपण, मग कोण विचारतंय.

सकाळी बोटी निघाल्या. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. दुसऱ्या दिवशीही बोलता आलं असतं. पण एक दिवस गेला की दुसऱ्या दिवशी बोलणं दुप्पट जड होतं, तिसऱ्या दिवशी तर उचलतच नाही.

तारीख १४, मंगळवार

बावटा अजून लाल. दुपारी पाऊस थांबला, वारा नाही थांबला. मिस्त्रीला म्हटलं, तो कोनाड्यावर असेल. म्हणाला, "कशावरून?" म्हटलं, त्याची वही नाही म्हणून. त्याने डोकं खाजवलं. "मग टकल्या?" मी म्हटलं, "टकल्याचं मरू दे."

उद्या बावटा निळा असो, लाल असो, जाणार.

तारीख १५, बुधवार

सापडला.

पहाटे निघाले. वारा बेताचा होता, लाटा अजून उंच. कोनाड्याची फट भरतीच्या पाण्यातच घेता येते, शीड उतरवून, एक वल्हं खडकाला लावत लावत. ह्यांच्याबरोबर दोनदा शिरले होते, तरणी असताना. आज हात सोलून निघाले. आत गेलं की पाणी एकदम गप्प. भांड्यातल्यासारखं.

धाकटी तिथेच होती. शीड गुंडाळून ठेवलेलं, नांगर पक्का, दोर दोन ठिकाणी बांधलेला. एक गोष्ट चुकलेली नव्हती. आमच्या ह्यांनी सुद्धा नावं ठेवली नसती.

मी हाक मारली नाही. का कोण जाणे. कडेकडेने चालत गेले. अर्ध्या फेऱ्यावर खडकाची उतरण आहे. तिच्या तळाशी तो होता, पाठ खडकाला टेकून. उजवा पाय गुडघ्याखाली वाकडा, सुजून काळा पडलेला. त्याला दोन फळ्या लावून कमरपट्ट्याने आवळलेलं. होडीपर्यंत सरपटत जायचा प्रयत्न केला असणार, कोपरं फाटलेली. मधे एवढा मोठा दगडांचा ढीग आहे, धडधाकट माणसाने हातापायांवर चढावा असा. शर्ट काढून एका काठीला बांधला होता आणि काठी खडकात खोचली होती. शर्टाचं तोंड फटीकडे. तिथूनच कोणी येईल, म्हणून.

अंगाला हात लावला. गार होता, पण ताठ नव्हता झाला पुरता. हे मला समजतं. घरातली तीन माणसं मी धुतली आहेत.

शेजारी डबा, तोंड वर करून दोन दगडांत बसवलेला. अर्धा भरलेला, पावसाचं पाणी. म्हणजे सोमवारी त्याने डबा बाहेर ठेवला. हात हलत होता सोमवारी.

मांडीवर वही होती, कोनाड्याची. भिजून फुगलेली, पण शिवण सुटली नव्हती. शेजारी बसून वाचली. मला एक एक अक्षर लावावं लागतं, वेळ लागला.

५: पाय मोडला, उतरणीवर. माझीच चूक. नाव सांगून आलो आहे, उद्या येतील.

६: यंत्राचे आवाज. उत्तरेला गेले. कदाचित फिरून येतील.

७: पुन्हा उत्तरेला. का? दोनदा सांगितलं आहे. आईंनी ऐकलं असणार. त्या कधी काही विसरत नाहीत.

९: पाणी घोट घोट. आज आवाज नाहीत.

११: लांबोड्याकडून बाईची हाक आली. आईंचाच आवाज. ओरडलो, जमेल तेवढं ओरडलो. त्या थांबतील तेव्हा ऐकू जाईल असं वाटलं.

१३: पाऊस. पोटभर प्यालो.

१४: आणि पुढे काही नाही, नुसती रेघ.

तिथेच बसून राहिले. किती वेळ ते माहीत नाही. पाणी उतरायला लागलं तेव्हा भानावर आले, नाहीतर मीही आत अडकले असते. ताडपत्री घातली त्याच्यावर, चार कोपऱ्यांना दगड ठेवले. एकटीला उचलला नसता. वही पोलक्यात घातली.

धक्क्यावर येऊन सांगितलं, कोनाड्यावर आहे, चार माणसं आणि उचलून आणायला झोळी घ्या. लेकीला कोणी सांगावं लागलं नाही. ती खुंट्यापाशी उभीच होती.

तारीख १६, गुरुवार

भरतीला माणसं गेली, घेऊन आली. सगळं उरकलं. नात शेजारणीकडे.

लोक म्हणतात, म्हातारीने शोधून काढला, धन्य तिची. मिस्त्रीने माझे हात बघितले आणि डोळे पुसले. मी ऐकून घेतलं.

वही अजून माझ्याकडे आहे. सकाळी चूल पेटलेली होती. तळहाताएवढी तर वही, दूध उतू जायच्या आत राख झाली असती. दोनदा हातात घेतली. कोणाला माहीत आहे ती होती म्हणून? पण त्याने इतक्या बारीक शिवणीने बांधलेली, आणि मला मुळात धड पातेलं घासता येईना, हात इतके सोललेले.

तारीख १७, शुक्रवार

लेकीने विचारलं, "कोनाड्याची वही होती का त्याच्याजवळ?"

आता ती विचारणारच. तिचा नवरा होता, तिला त्याच्या सवयी माहीत.

मी वही काढून दिली. ती खिडकीपाशी उभी राहून वाचत गेली. ती भरभर वाचते. अकरा तारखेशी थांबली, पुन्हा मागे गेली, सातवर आली.

"दोनदा सांगितलं, म्हणतोय."

"हो."

"मग तू टकल्या का म्हणालीस?"

सांगितलं. पातेलं, खळ, चार घरचे ऐकत होते ते, जा जा म्हटलं ते. एकही शब्द कमी केला नाही. आयुष्यात पहिल्यांदा बोलता बोलता वाटलं, कोणी मधेच तोडावं मला. तिने तोडलं नाही. शेवटपर्यंत ऐकलं.

मग म्हणाली, "तुला शिव्या द्याव्यात म्हटलं तर शब्द नाहीत माझ्याकडे. ह्या घरातलं सगळं बोलणं तूच संपवलंस."

वही मिटली आणि म्हणाली, "दर शनिवारी रात्री मी विचारायचे, उद्या घरीच थांब ना. म्हणायचा, एक दिवस तरी जाऊ दे गं."

मला आधी कळलं नाही ती हे मधेच का सांगतेय. मग लांबोड्याची वही आठवली.

तारीख १८, शनिवार

लेक म्हणाली, "चल." कुठे ते मी विचारलं नाही.

धक्क्याच्या खोलीत कारकून होता, मिस्त्री होता, तीन दिवस टकल्यावर फिरलेले दोघे बोटवाले होते. लेक दाराशी उभी राहिली, आत आली नाही. मी टेबलापुढे उभी राहिले आणि म्हटलं, "टकल्या मी बनवून सांगितलं. त्याने सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं."

थोरला बोटवाला म्हणाला, "आजी, आम्ही त्या खडकावर घसा फाडला. लहान पोराला ताप होता माझ्या, तरी तीन दिवस घरी गेलो नाही."

"माहीत आहे."

"माहीत होतं!" म्हणाला आणि तोंड फिरवून बाहेर गेला. दुसराही गेला. मिस्त्री राहिला, पण जमिनीकडे बघत.

कारकून पोरगा भला आहे. त्याने रजिस्टर उघडलं, पेन हातात घेऊन बसला. म्हणाला, "कारण लिहावं लागतं, आजी." मग आवाज उतरवून, "वयोमानाने ऐकू कमी येतं, असं लिहितो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. कोणाचेही आजा-आजी... सुटाल तुम्ही."

माझे कान शाबूत आहेत. मांजर छपरावर चाललं तरी मला कळतं.

म्हटलं, "तसं लिहू नकोस. कान चांगले आहेत. मी बोलत होते, असं लिही."

"एवढंच?"

"एवढंच."

त्याने लिहिलं. मी अंगठा नाही दिला, सही केली. वेळ लागला, हात अजून दुखतात.

दाराशी आले तर लेक पुढे निघाली होती. घरापर्यंत ती पुढे, मी मागे. वाटेत कोणी ओळख दाखवली नाही. घरी आल्यावर तिने माझं अंथरूण मधल्या खोलीतून उचललं आणि बाहेरच्या खोलीत, त्याच्या पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यांशेजारी घातलं. फेकलं नाही. नीट घातलं, उशीही ठेवली. मग मधलं दार लावून घेतलं.

आतून नातीचा आवाज येतो. काहीतरी विचारतेय आईला. मी इथे गप्प बसून ऐकतेय, पण दार जाड आहे.